भीतीचे बहात्तर तास

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांविषयी आपल्याकडे जाहीरपणे बोलले जाते ते प्रामुख्याने दोन प्रसंगी. एक म्हणजे १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी. आणि दुसरा, एखाद्या राज्याच्या मंत्र्यांनी विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा मनोदय व्यक्त केला की. जुलै २०२५ मध्ये मेघालयाच्या आरोग्यमंत्र्यांनी असा कायदा आणण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्या चर्चेत गोव्याचेही नाव घेतले गेले. ते स्वाभाविक होते. विवाहपूर्व चाचणीच्या सक्तीचा प्रस्ताव गोव्यात २००६ मध्ये पुढे आला होता आणि त्यानंतरही तो अधूनमधून डोके वर काढत आला आहे. हा प्रश्न मुख्यतः कोणाला तरी हुडकून काढण्याचा आहे, असे या प्रस्तावामागचे गृहीतक असते.

या साऱ्या चर्चेत एक व्यक्ती मात्र नेहमी अनुपस्थित राहते. अल्प ओळखीच्या अथवा अनोळखी व्यक्तीशी एखाद्या रात्री संबंध आलेली आणि दुसऱ्या सकाळपासून भीतीने पोखरली गेलेली ही व्यक्ती कोणत्याही गावात, कोणत्याही वर्गात सापडते. तिला हुडकावे लागत नाही. ती स्वतःच उत्तर शोधत असते. मोबाईलवर रात्र रात्र लक्षणे वाचते, गळ्याच्या गाठी चाचपते, अंगावर पुरळ दिसते का ते आरशात पाहते. तिला चाचणीची सक्ती करण्याची गरज नाही. ती चाचणी करून घ्यायला आतुर असते, पण चाचणी केंद्राच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य तिला होत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न इथे आहे. कारण या भीतीला एक वेळापत्रक आहे आणि त्यातील सर्वांत मौल्यवान तास बहुधा लाजेतच निघून जातात.

दोन भीती, एकच चेहरा

अशा व्यक्तीच्या मनात प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या भीती असतात. पहिली आजाराची: आपल्याला काही झाले तर नाही ना? दुसरी उघडे पडण्याची: घरी कळले, गावात कळले, ठरलेले लग्न मोडले तर? पहिल्या भीतीला वैद्यकशास्त्राकडे उत्तर आहे, आणि ते दिवसेंदिवस अधिक नेमके होत गेले आहे. दुसऱ्या भीतीला मात्र औषध नाही. ती शमते ती केवळ गोपनीयतेच्या खात्रीने. व्यवहारात होते असे की दुसरी भीती पहिलीच्या उत्तरापर्यंत पोहोचूच देत नाही. मग अपराधभाव शरीरात जागा शोधू लागतो. साध्या सर्दीचा ताप, जागरणाने आलेला थकवा, चिंतेने बिघडलेले पोट या साऱ्यांना एकच अर्थ चिकटतो.

याला आपली भाषाही काही प्रमाणात जबाबदार आहे. मराठीत या आजारांना रूढ झालेला शब्द ‘गुप्तरोग’. आजार लपवण्याचा असतो हे त्या नावातच गृहीत धरलेले आहे. बसस्थानकांजवळच्या आणि रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या हमखास इलाजाच्या जाहिराती वर्षानुवर्षे याच गुप्ततेवर पोसल्या गेल्या. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले ते ही कोंडी फोडण्यासाठी. लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने लिहिल्याबद्दल त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. शरीराच्या इतर आजारांप्रमाणेच या आजारांचाही विचार व्हावा, पापपुण्याचा हिशेब त्यात आणू नये, ही कर्व्यांची भूमिका होती. शंभर वर्षे होत आली तरी ती मराठी समाजात पुरती रुजलेली नाही.

घड्याळ काय सांगते

जोखमीचा संबंध घडून गेल्यानंतर काय करता येते, हे कालक्रमाने पाहिल्यास भीतीचा बराचसा धुरळा खाली बसतो. पहिला टप्पा बहात्तर तासांचा. एचआयव्हीचा संसर्ग शरीरात रुजण्याआधीच त्याला रोखणारी औषधे उपलब्ध आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी परिणामकारक ठरतात. शक्य तर पहिल्या काही तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत त्यांचा पहिला डोस पोटात जावा लागतो. पुढे २८ दिवस ती न चुकता घ्यायची असतात. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांचा संयोग त्यासाठी सामान्यतः वापरला जातो. बहात्तर तास उलटल्यानंतर ही दारे बंद होतात. औषधे घ्यावीत की नाही, हा निर्णय संबंधाचे स्वरूप पाहून डॉक्टरांनी करायचा असतो. औषधविक्रेत्याने किंवा मित्राने नव्हे.

याच काळात आणखी दोन गोष्टी करण्याजोग्या असतात. हिपॅटायटिस बी या आजाराची लस पूर्वी घेतलेली नसल्यास ती लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत सुरू करता येते. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो, तरीही भीतीच्या यादीत त्याचे नाव क्वचितच असते. नको असलेल्या गर्भधारणेची शक्यता असेल तर त्यासाठीची तातडीची गोळीही बहात्तर तासांच्या आतच घ्यायची असते. स्त्रीच्या बाबतीत या दोन घड्याळांचे काटे एकदमच फिरत असतात.

दुसरा टप्पा वाट पाहण्याचा, आणि भीती सर्वाधिक छळते ती याच टप्प्यात. संसर्ग झाला तरी तो चाचणीत दिसू लागण्यास काही काळ जावा लागतो. त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. संबंधानंतर चौथ्या दिवशी केलेली एचआयव्ही चाचणी त्या संबंधाविषयी काहीही सांगत नाही; ती केवळ त्याआधीची स्थिती सांगते. विषाणू आणि प्रतिपिंडे दोन्हींचा मागोवा घेणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतील चाचणी ४५ दिवसांनंतर विश्वासार्ह निष्कर्ष देते. बोटातून रक्त घेऊन केल्या जाणाऱ्या, केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी ९० दिवसांची मर्यादा धरली जाते. संसर्ग रोखणारी औषधे घेतलेल्यांनी पुढील चाचण्यांचे दिवस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागतात. सिफिलिसची पहिली खूण, म्हणजे न दुखणारा व्रण, सरासरी तीन आठवड्यांनी दिसते. ती १० ते ९० दिवसांच्या दरम्यान केव्हाही उमटू शकते. गोनोरिया, म्हणजे जुन्या बोलीतला परमा, पुरुषांत बहुधा दोन आठवड्यांच्या आत लघवीच्या जळजळीने प्रकट होतो. क्लॅमिडिया मात्र अनेकदा, विशेषतः स्त्रियांमध्ये, कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि उपचाराविना पडून राहिल्यास वंध्यत्वापर्यंत नेऊ शकतो.

म्हणजे ज्याची लक्षणे रात्रंदिवस शोधली जातात त्या एचआयव्हीचे निदान लक्षणांवरून होत नाही, आणि ज्याची शक्यता अधिक असते त्या आजारांना लक्षणे असतीलच असे नाही. लक्षणे चाचपत बसण्याचा जो उद्योग भीती माणसाकडून करवून घेते, तो दोन्ही बाजूंनी निरुपयोगी ठरतो.

आकड्यांचे प्रमाण

भीती आणि जोखीम यांचे प्रमाण व्यस्त असल्याचे आकडेवारीतूनही दिसते. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. जोडीदाराला संसर्ग असेल, तो उपचार घेत नसेल आणि कंडोम वापरलेला नसेल, तरीही एका योनीमार्गी संबंधातून स्त्रीला संसर्ग होण्याची शक्यता १०,००० मध्ये सुमारे ८ आणि पुरुषाला होण्याची सुमारे ४ इतकी धरली जाते. गुदमार्गी संबंधात ग्रहण करणाऱ्या जोडीदारासाठी ती १०,००० मध्ये सुमारे १३८, म्हणजे कितीतरी अधिक असते. चुंबन, मिठी, एकत्र जेवण किंवा सामाईक स्वच्छतागृह यांतून संसर्ग होत नाही. नियमित उपचार घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली आणलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हेही आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे.

हे आकडे बेफिकिरीचा परवाना देत नाहीत. जननेंद्रियांवरील व्रण किंवा दुसरा एखादा संसर्ग असेल तर धोका वाढतो आणि संबंध वारंवार येत असतील तर छोटे आकडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. शिवाय समोरच्या व्यक्तीची स्थिती कोणाच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. पण एकाच प्रसंगानंतर आपले आयुष्य संपले असे मानून महिनोन्महिने झोप गमावणाऱ्याला या आकड्यांचा आधार मिळायला हवा. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनियासिस या चार आजारांचे जगभरात मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. हे चारही आजार औषधांनी पूर्ण बरे होतात. म्हणजे भीती एकवटते ती एचआयव्हीवर आणि प्रत्यक्ष गाठ पडण्याची शक्यता अधिक असते ती या बऱ्या होणाऱ्या आजारांशी.

लाजेपोटी होणारा आणखी एक प्रमाद म्हणजे औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून घेणे. एखाद्या गोळीने लक्षणे दबतात, संसर्ग उरतो आणि जोडीदाराकडे परततो. गोनोरियाच्या जंतूने तर एकामागून एका प्रतिजैविकाला दाद देणे सोडले आहे. आज त्याच्यावर खात्रीने चालणाऱ्या औषधांची यादी फारच आखूड झाली आहे. चाचणीविना घेतलेली प्रत्येक अर्धीमुर्धी मात्रा ती आणखी आखूड करते. एका व्यक्तीने संकोचापायी टाळलेली भेट अशी साऱ्या समाजाला महागात पडते.

म्हापशातील चौसष्ट दिवस

गोव्यात ही दुसरी भीती, उघडे पडण्याची भीती, हवेतून आलेली नाही. तिला इतिहास आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशातील पूर्वीच्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत एकटे कोंडून ठेवले. गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा विलगीकरणाची तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आनंद ग्रोव्हर यांनी ते प्रकरण लढवले. चौसष्ट दिवसांनी डॉमनिकला घरी जाता आले, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैधच ठरवली. पुढे त्याने संसर्गितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात त्याचे निधन झाले. २००५ मधील ‘माय ब्रदर... निखिल’ हा ओनीर यांचा चित्रपट त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

या प्रकरणाने गोमंतकीय समाजमनावर उमटवलेला धडा साधा होता: रक्त तपासले की पोलीस दारात येऊ शकतात. डॉमनिकने तर चाचणीही मागितली नव्हती. त्याने केवळ रक्तदान केले होते. अशा आठवणी कायदा बदलल्याने लगेच पुसल्या जात नाहीत. पुढे २००४ च्या पावसाळ्यात वास्कोतील बायणा येथील वेश्यावस्ती पाडली गेली. वस्ती हटली, व्यवसाय मात्र लॉज, भाड्याच्या खोल्या आणि मोबाईल यांच्या आडोशाने विखुरला, आणि तेथील स्त्रियांपर्यंत कंडोम व तपासणी पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम अवघड होऊन बसले. कोंडणे असो वा हुसकावणे असो, धाकाने केलेल्या दोन्ही उपायांचा परिणाम एकच झाला. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे तेच दूर गेले.

विवाहपूर्व चाचणीची सक्तीही याच मालिकेत बसते. तिच्यामागचा हेतू वधूचे वा वराचे रक्षण हा असेल, पण विंडो पिरियडमधील चाचणीचा नकारात्मक अहवाल खोटा दिलासा देतो, आणि लग्नानंतरच्या आयुष्याविषयी तो काहीच सांगत नाही. सक्ती झाली की लोक परराज्यात जातील, ओळखीच्या प्रयोगशाळेतून कागद मिळवतील. आणि अहवाल सकारात्मक आलाच, तर लग्न का मोडले हे गावाला सांगावे लागणार नाही. ते आपोआप कळेल. चाचणी करून घेण्यास जोडप्यांना प्रवृत्त करणे आणि ती नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर मागणे यांत हाच फरक आहे.

कायदा आहे, खात्री नाही

१९८९ नंतर देशाने बराच पल्ला गाठला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरील उपचार विनामूल्य मिळू लागले आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. वेळेवर व नियमित औषधे घेणारी व्यक्ती आज जवळपास इतरांइतकेच दीर्घायुष्य जगू शकते. ‘एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माहितीपूर्ण संमतीविना कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही, चाचणीचा निष्कर्ष कायद्यातील अपवाद वगळता संमतीविना उघड करता येत नाही, आणि नोकरी, शिक्षण, निवास वा उपचारांत भेदभाव करता येत नाही, असे हा कायदा सांगतो. ज्या राज्यात एकेकाळी संसर्गिताला कोंडण्याची तरतूद होती, तिथे आज संसर्गिताचे नाव उघड करणारा दोषी ठरतो. हा उलटलेला न्याय अजून लोकांपर्यंत पोहोचलेला नाही.

सरकारी यंत्रणाही कागदावर पुरेशी आहे. जिल्हा रुग्णालये आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तिथे एचआयव्ही चाचणी विनामूल्य होते. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ ही योजना आहे, आणि लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांचे औषधसंच तिथे मोफत मिळतात. १०९७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक फोन करणाऱ्याचे नाव न विचारता माहिती देतो. तरीही यातील तीन उणिवा नजरेआड करण्याजोग्या नाहीत.

पहिली उणीव त्या बहात्तर तासांची. संसर्ग रोखणाऱ्या औषधांबाबत सरकारी मार्गदर्शक तत्त्वांचा भर सुई टोचलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांवर आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितांवर राहिला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु परस्पर संमतीने आलेल्या संबंधानंतर घाबरून रुग्णालयात आलेल्या व्यक्तीला शनिवारी रात्री नेमके कोणत्या दारावर जायचे, हे सांगणारी सुस्पष्ट सूचना सर्वसामान्यांच्या माहितीत नाही. समुपदेशन केंद्रे कार्यालयीन वेळेत चालतात. शनिवारी रात्रीची घटना सोमवारी सकाळी केंद्र उघडेपर्यंत निम्मी मुदत खाऊन टाकते. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर उरलेलीही बरीचशी जाते.

दुसरी उणीव लक्षणांवर आधारलेल्या उपचारपद्धतीची. रंगीत संच त्यांनाच मिळतात ज्यांना काही त्रास होत आहे. लक्षणे नसलेली, पण जोखीम पत्करलेली व्यक्ती या चाळणीतून सहज निसटते, आणि क्लॅमिडियासारखा आजार नेमका अशांमध्येच दडलेला असतो. त्यासाठीच्या नेमक्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत होतात, पण त्यांचा खर्च सर्वांना पेलणारा नसतो.

तिसरी उणीव माणसांच्या वागणुकीची. तपासणीसाठी आलेल्या तरुणीला विचारला जाणारा ‘लग्न झाले आहे का?’ हा प्रश्न पुष्कळदा वैद्यकीय नसतो, आणि तो कोणत्या सुरात विचारला जातो हे तिला लगेच कळते. समलिंगी संबंधाविषयी बोलू पाहणाऱ्या पुरुषाला तर खरी माहिती दडवण्यावाचून पर्याय उरत नाही. ती दडवली की डॉक्टरांचा जोखमीचा अंदाज चुकतो, घ्यायचे नमुने चुकतात आणि त्याबरोबर निदानही.

लहान राज्याची अडचण

महानगरात माणूस गर्दीत हरवू शकतो. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेचौदा लाख. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या उपनगरी पट्ट्याइतकी. इथे रुग्णालयातील परिचारिका मावसबहिणीची जाऊ निघते, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ शाळासोबती असतो आणि प्रतीक्षाकक्षात शेजारच्या वाड्यावरचे कोणीतरी रक्तदाब तपासायला आलेले असते. म्हणून मग कोणी डिचोलीहून बेळगाव गाठतो, कोणी पेडण्याहून सावंतवाडी, आणि बेळगावचा माणूस त्याच कारणाने कोल्हापूर. बेळगाव, बडोदे, इंदूर यांसारख्या शहरांतील मराठी वस्त्यांनाही हा अनुभव परका नाही. तिथे शहर मोठे असले तरी आपला समाज लहानच असतो, आणि बातमी शहरापेक्षा समाजात वेगाने फिरते.

म्हणूनच लहान समाजात गोपनीयता हा उपचाराचाच भाग मानावा लागतो. ती नसेल तर बहात्तर तासांची औषधे गोदामात पडून राहतात आणि उत्तम प्रयोगशाळेच्या दारात कोणी येत नाही. ती साधण्याचे उपाय फार खर्चिकही नाहीत. आपत्कालीन विभागात चोवीस तास पहिला डोस उपलब्ध ठेवणे आणि तो देण्याचा निर्णय तिथल्याच डॉक्टरांवर सोपवणे. चाचणी केंद्राची पाटी आणि रांग इतर रक्तचाचण्यांपासून वेगळी न काढणे. नावाऐवजी क्रमांकाने हाक मारणे. अहवाल बंद पाकिटात आणि समुपदेशकाच्या हातूनच देणे. १०९७ हा क्रमांक महाविद्यालये, औषधाची दुकाने, हॉटेले आणि कॅसिनो येथील कर्मचारी निवासांत ठळकपणे लावणे. पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात शेवटची गोष्ट तर केव्हाच व्हायला हवी होती. या उद्योगात राबणारे हजारो तरुण घरापासून दूर राहतात आणि त्यांचा इथे कोणी हक्काचा डॉक्टर नसतो.

उरतो प्रश्न त्या व्यक्तींचा, ज्यांच्या सर्व चाचण्या योग्य मुदतीनंतर निर्दोष आल्या, तरीही भीती जात नाही. त्या चौथी, पाचवी, दहावी चाचणी करतात. प्रत्येक अहवालाचा दिलासा दोन दिवस टिकतो. मुदत पूर्ण झाल्यानंतरची नकारात्मक चाचणी हे वैद्यकशास्त्राचे अंतिम उत्तर असते. त्यानंतरही उरणारी भीती विषाणूची नसते. ती चिंताविकाराची अथवा न बोललेल्या अपराधभावाची असते, आणि तिच्यावरही उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रांतून चिंता व नैराश्याच्या रुग्णांना मोठी मदत करू शकतात, याचा प्रयोग ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने गोव्यातच झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसिक आधारासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांकही ऑक्टोबर २०२२ पासून देशभर कार्यरत आहे. रक्तचाचणी करणाऱ्या समुपदेशकाने अशा व्यक्तीला पुढची चाचणी न सुचवता हा मार्ग दाखवणे, हे दोन विभागांतील साध्या समन्वयाचे काम आहे.

अनोळखी संबंध असावेत की नसावेत, याविषयी समाजात मतभेद राहतील; घर, धर्म आणि संस्कार आपापले म्हणणे मांडत राहतील. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र घटना घडून गेल्यानंतर रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या व्यक्तीला उपदेशाचा उपयोग नसतो. तिच्याकडे तास मोजके असतात. तिने शनिवारी रात्री धीर करून दार ठोठावले, तर आत कोणीतरी जागे असावे, त्याने नाव न विचारता आधी वेळ विचारावी, आणि सोमवारी गावात कोणालाही काही कळलेले नसावे. एवढी व्यवस्था उभी राहिली तर विवाह नोंदणीच्या खिडकीवर चाचणीचा कागद मागण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटू नये.